कोल्हापुरातून चार्जिंगची गाडी घेऊन लांब निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरात इलेक्ट्रिक गाडी फिरवणाऱ्याला काही विचारायची गरज पडत नाही. रात्री घरी लावली, सकाळी काढली, विषय संपला. प्रश्न सुरू होतात ते गगनबावडा उतरून कणकवलीला जायचं ठरतं, आजऱ्याच्या पुढं पाहुण्यांकडं मुक्काम पडतो किंवा आईला पंढरपूरला न्यायचं असतं तेव्हा. खालची उत्तरं अशा प्रवासांसाठी आहेत. सगळे आकडे मध्यम आकाराच्या चारचाकीचे आणि गाडीत तीन-चार माणसं धरून काढलेले आहेत. बॅटरीचा हिशेब सगळीकडं युनिटमध्ये केला आहे. गाडीच्या कागदावर जो ‘किलोवॅट अवर’ लिहिलेला असतो, तोच आपल्या लाईट बिलातला एक युनिट.

कंपनी सांगते तितकी गाडी खरंच जाते का?

नाही, आणि त्यात फसवणूकही नाही. तो आकडा प्रयोगशाळेत, ठरलेल्या वेगाच्या चाचणीत निघालेला असतो. सुरुवातीच्या ३०.२ युनिटच्या टाटा नेक्सॉन इलेक्ट्रिकचा प्रमाणित आकडा ३१२ किलोमीटर होता. रस्त्यावर ती गाडी २०० च्या आसपास जाते, आणि तिच्या मालकांना हे पहिल्या महिन्यातच कळतं.

त्यामुळं कंपनीचा आकडा बाजूला ठेवा आणि ‘एका युनिटला किती किलोमीटर’ एवढंच बघा. ऐंशीच्या वेगानं हायवेला साधारण ७ किलोमीटर मिळतात. एकशे दहाने हाणलं की तेच ५ वर येतं, कारण वेग वाढतो त्याच्या वर्गाच्या पटीत हवेचा विरोध वाढतो. तुमच्या गाडीचा स्वतःचा आकडा स्क्रीनवर मिळतो. लांबच्या प्रवासाआधी एखाद्या रविवारी कागल-निपाणीपर्यंत जाऊन या आणि तो वहीत लिहून ठेवा. यूट्यूबवरच्या दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा तो खरा.

प्लॅन करायचा तर आधी काय बघायचं? ॲपवर चार्जर शोधायचे का?

बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मी उलटं करायला सांगेन. आधी रात्री गाडी कुठं उभी राहणार आणि तिथं भिंतीत काय आहे, ते ठरवा.

ग्रामीण भागातल्या प्रवासात गाडीची रेंज किंवा हायवेचा फास्ट चार्जर यांपेक्षा मुक्कामाच्या जागी असलेला पंधरा ॲम्पिअरचा चांगला पॉइंट जास्त उपयोगी पडतो. रात्रीच्या दहा तासांत तो ३० युनिटच्या आसपास भरतो. म्हणजे सकाळी तुम्ही पुन्हा २०० किलोमीटरचे मालक. ही सोय पक्की असेल तर हायवेवरचे चार्जर फक्त वाटेतल्या गरजेपुरते उरतात आणि त्यातला एखादा बंद निघाला तरी घाम फुटत नाही. मुक्कामी चार्जिंग नसेल तर मात्र तुमचा सगळा प्रवास त्या एका-दोन मशिनांच्या मर्जीवर चालतो.

मुक्काम ठरला की मगच ॲप उघडा. वाटेतला चार्जर निवडताना नियम एकच ठेवा: तिथं पोचल्यावर बॅटरीत एवढं शिल्लक पाहिजे, की तो बंद असला तर त्याच्या पुढचा किंवा मागचा गाठता येईल. हायवेवर हे सोपं आहे. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडी भागात पुढचा चार्जर म्हणजे बऱ्याचदा परत कोल्हापूर किंवा गडहिंग्लज, हे धरून चाला.

कोल्हापूर-पुणे एका चार्जवर होतं का?

अंतर २३० किलोमीटर. सातच्या हिशेबानं ३३ युनिट लागतात. बॅटरी ४५ युनिटची असेल तर आकड्यांत होतं, ३० ची असेल तर होत नाही. पण होत असलं तरी मी थांबेन. दोन-अडीच तासांनी माणसाला उतरावं लागतंच. कराड ७५ किलोमीटरवर, सातारा १२० च्या आसपास. लहान बॅटरीवाल्यानं सातारा धरावा, मोठीवाल्यानं जेवण जिथं बरं मिळतं तिथं थांबावं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. कागल ते सातारा पट्ट्यात सहापदरीकरणाच्या कामामुळं वळणरस्ते आणि सर्व्हिस रोडवरची रांग बरीच वर्षं सोसावी लागली आहे. पेट्रोलवाले त्याला शिव्या घालतात. आपल्याला मात्र संथ चालण्यात युनिट वाचतात, फक्त वेळ जास्त धरावा लागतो. दुसरी गोष्ट गर्दीची. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या असल्या की पुण्या-मुंबईच्या गोव्याला निघालेल्या गाड्या याच रस्त्यानं येतात आणि शुक्रवारी संध्याकाळी चार्जरला नंबर लागतात. अशा दिवशी उलट्या दिशेनं जात असाल तरी मशीन तेच, रांग तीच. पहाटे निघा. सकाळी सातला साताऱ्यात सहसा कुणी नसतं.

फास्ट चार्जरवर १०० टक्के का भरू नये?

साधारण ८० टक्क्यांनंतर बॅटरीच वेग कमी करून घेते. दहापासून ऐंशीपर्यंत पाऊण-एक तास लागला असेल, तर शेवटच्या वीस टक्क्यांना जवळपास तितकाच वेळ पुन्हा लागू शकतो. मागं दुसरा उभा असेल तर ऐंशीला गन (चार्जरची गाडीत खोचायची मूठ) काढून बाजूला व्हावं. पुढच्या टप्प्याला खरंच लागत असेल तर भरा, पण गाडीजवळ थांबा. गाडी लावून ताटावर बसलेल्या माणसाला शोधत आख्खं हॉटेल फिरणं हा हायवेवरचा नवीन खेळ झालाय.

चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलंय म्हणून तुम्हाला ६० मिळतीलच असं नाही. गाडीची स्वतःची मर्यादा असते आणि दोन गन एकाच मशिनाला असतील तर शेजारी गाडी लागल्यावर वीज वाटली जाते. काही लहान गाड्यांना तर फास्ट चार्जिंगची सोयच नसते. घेताना हे विचारून घ्या.

घाटात बॅटरी किती खाल्ली जाते? आंबा, करूळ, फोंडा चढून येता येईल ना?

या प्रश्नाची भीती सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत निराधार आहे, म्हणून हिशेबच मांडतो.

माणसं आणि सामान धरून गाडी १,९०० किलोची समजा. आपल्या सह्याद्रीच्या घाटात साधारण ५०० मीटरचा चढ असतो. तेवढं वजन तेवढं उचलायला २.६ युनिट लागतात आणि मोटारीतलं नुकसान धरून ३. म्हणजे आख्खा घाट चढायला सपाटीवरच्या वीसेक किलोमीटरइतकी वीज. उतरताना यातली अर्ध्याहून थोडी जास्त परत बॅटरीत येते, कारण मोटारच उलटी फिरून वीज तयार करते. जाऊन-येऊन निव्वळ खर्च दीड युनिटच्या आत-बाहेर.

आता हे पुण्याच्या प्रवासाशी ताडून बघा. ऐंशीने गेलात तर ३३ युनिट, एकशे दहाने गेलात तर ४६. फरक १३ युनिटांचा, म्हणजे चार आंबा घाट चढण्याइतका! तरी लोक घाटाला घाबरतात आणि हायवेवर ॲक्सिलरेटर दाबून बसतात.

घाटातली खरी अडचण वेगळी आहे. स्क्रीनवरचा ‘अजून इतके किलोमीटर’ हा आकडा चढताना धडाधड कोसळतो, कारण गाडी गेल्या काही किलोमीटरच्या खर्चावरून तो काढते. साखरप्यातून निघताना ११० दाखवणारी गाडी आंब्यात ७५ दाखवते आणि मागच्या सीटवरून सूचना सुरू होतात. वर सपाटीला लागलं की आकडा पुन्हा सावरतो. घाटात टक्के बघा, किलोमीटर बघू नका.

रत्नागिरीला जाऊन त्याच दिवशी परत येता येईल का?

जाऊन-येऊन २६० किलोमीटर. सातने भागलं तर ३७ युनिट, अधिक घाटाचे दीड-दोन. ४५ युनिटच्या गाडीत पाच-सहा युनिट उरतात. कागदावर जमतं, पण मी त्या भरवशावर निघणार नाही. पाऊस, ओला रस्ता, सतत एसी आणि वायपर असेल तर तेवढी शिल्लक मलकापूरच्या अलीकडंच संपेल. रत्नागिरीत जेवणाच्या वेळी तासभर लावा आणि निवांत या. तीस युनिटवाल्यांना तर तिथं लावण्याशिवाय गत्यंतर नाही.

कोकणात उतरताना एक पथ्य पाळा. परतीच्या चढाची वीज खालीच भरून घ्यायची, ‘वर जाऊन बघू’ म्हणायचं नाही. घाटमाथ्यावरच्या गावांत चार्जर मिळेल या आशेवर चढू नये. गगनबावड्याहून कोल्हापूर आणखी ५५ किलोमीटर आहे.

घाटमाथ्यावर मुक्काम होता, सकाळी १०० टक्के भरून खाली उतरलो तर चालेल का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि विचारायला हवा. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावर तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. मग गाडी ती वीज घेणं बंद करते. रोज पायाखाली जाणवणारा मोटारीचा अटकाव नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक तापतात. आंबोली, आंबा, गगनबावडा इथं राहून सकाळी कोकणात उतरणार असाल तर ८५-९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. बहुतेक गाड्यांत ही मर्यादा आधीच लावून झोपता येतं. कोल्हापुरातून भरून निघालात तर घाट येईपर्यंत जागा आपोआप होते.

पाहुण्यांच्या घरी, लॉजवर, शेतघरावर चार्ज करायचं तर काय तपासायचं?

फोन करूनच तपासायचं. तिथं पोचून नव्हे. ‘तुमच्याकडं इलेक्ट्रिक गाडी चार्ज होते का?’ असं विचारलं तर लॉजवाला ‘होय की साहेब’ म्हणणारच, कारण मोबाइल चार्ज होतो तशी गाडी होते असा त्याचा समज असतो. प्रश्न असा विचारा: ‘दादा, गाडी जिथं लावायची तिथून गिझरचा किंवा एसीचा पॉइंट किती फुटांवर आहे? घरात अर्थिंग केलंय का? संध्याकाळी ट्यूब मिणमिणते का?’ तीन उत्तरांत सगळं कळतं.

गिझरचा पॉइंट विचारायचं कारण, त्याची वायर जाड असते आणि सॉकेट पंधरा-सोळा ॲम्पिअरचं असतं. गाडीसोबत मिळणारा चार्जर सुमारे ३.३ किलोवॅट ओढतो, तोही सलग आठ-दहा तास. मिक्सर किंवा इस्त्री याहून कमी वीज खाते आणि तीही थोडाच वेळ चालते. जुन्या घरातली बारीक वायर एवढा वेळ टिकत नाही. टीव्हीच्या मागच्या पाच ॲम्पिअरच्या बोर्डाला मोठी पिन बसवणारा जोड लावून चार्ज करणं म्हणजे पाहुण्याच्या घराला आग लावायची तयारी. लांब वायर लागणार असेल तर स्वतःची न्या. तीन कोअरची, अडीच किंवा शक्यतो चार स्क्वेअर मिलिमीटरची, एका टोकाला चांगली पिन आणि दुसऱ्याला औद्योगिक सॉकेट. कोणताही बरा वायरमन तासाभरात करून देतो. वापरताना ती पूर्ण उलगडा. गुंडाळी करून ठेवलेली वायर आतल्या आत तापते.

अर्थिंग हा गावाकडचा सगळ्यांत मोठा अडथळा आहे. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. पुष्कळ घरांत तीन पिनचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागं वायरच नसते. कधी अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर चार्जर सुरू होणं ही चेष्टा नाही, ओलाव्यानं जमिनीचा विजेला होणारा विरोध कमी होतो. मात्र कुणी ‘न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, चालतंय’ म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो.

व्होल्टेज संध्याकाळी सात ते दहा पडतं. तेव्हा सगळ्या गावाच्या घरात दिवे, टीव्ही, शेगड्या सुरू असतात. चार्जर मध्येच थांबत असेल तर रात्री अकरानंतर लावा. गाडीत किंवा चार्जरवर ॲम्पिअर कमी करायची सोय असेल तर आठवर ठेवा. त्यावर दहा तासांत १८ युनिटच्या आसपास भरतात, म्हणजे सव्वाशे किलोमीटर. पाहुण्याकडून गडहिंग्लज गाठायला तेवढं पुष्कळ.

लावल्यावर अर्ध्या तासानं पिनेला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर लगेच काढा.

पैशांचं बोलायला लाजू नका. चार्जरच्या किंवा गाडीच्या स्क्रीनवर किती युनिट गेले ते दिसतं. घरगुती ठिकाणी पाहुणे घेणार नाहीत, तिथं पेढ्याचा बॉक्स न्या. लॉजवाल्याला व्यावसायिक दरानं बिल येतं, त्याला युनिटला वीस रुपये दिले तर तो पुढच्या वेळी स्वतः पॉइंट काढून ठेवतो. पुढच्या गाडीवाल्याचीही सोय होते.

शेतातल्या मोटारीच्या लाईटवर चार्ज केलं तर? थ्री फेज आहे, लवकर होईल.

करू नका. शेतीपंपाची जोडणी सवलतीच्या दराची आणि फक्त पंपासाठी असते. ज्या कामासाठी जोडणी घेतली त्याहून वेगळ्या कामाला वीज वापरणं वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतं आणि दंडाचं बिल येतं ते बिचाऱ्या शेतकऱ्याच्या नावानं. त्यातून ती लाईट ठरावीक तासच असते, कधी दिवसा तर कधी रात्री. थ्री फेजचाही उपयोग नाही, तुमचा छोटा चार्जर एकाच फेजवर चालतो. गावठाणच्या फीडरवरचं, म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या लाईनवरचं, घर बघा. स्वतःच्या घरच्या घरगुती जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करायला मात्र काही अडचण नाही.

रात्री लाईट गेली आणि सकाळी निघायचंय, मग?

गाडी बिघडत नाही. लाईट आली की बहुतेक चार्जर आपणहून पुन्हा सुरू होतात, काहींना पिन काढून घालावी लागते. म्हणून पहाटे लघवीला उठलात तर दिव्याचा रंग बघून या. डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) जळाली असेल तर मात्र दोन-चार दिवसांचं काम, त्याची वाट बघत बसू नका. मुक्कामी पोचताना ३० टक्के शिल्लक असावेत असा माझा आग्रह याच कारणासाठी आहे. ४५ युनिटच्या गाडीत तेवढ्यावर नव्वद किलोमीटर जाता येतं आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही कोपऱ्यातून एखादं तालुक्याचं गाव गाठता येतं. देखभालीसाठी लाईट ज्या दिवशी बंद असते तो दिवस गावात सगळ्यांना माहीत असतो, आदल्या दिवशी विचारा.

ॲपमध्ये चार्जर ‘उपलब्ध’ दिसतो, तरी तिथं गेल्यावर बंद का असतो?

‘उपलब्ध’ याचा अर्थ मशीन सर्व्हरला ‘मी जागा आहे’ असं सांगतंय, एवढाच. गन तुटलेली असू शकते, हॉटेलचं गेट रात्री कुलूपबंद असू शकतं, जनरेटर नसलेल्या ठिकाणी लाईट गेलेली असू शकते, नाहीतर समोर कुणी डिझेलची गाडी लावून जेवायला गेलेला असतो. एका हायवेलगतच्या हॉटेलात तर मशीन ठणठणीत होतं, पण त्यापुढं पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट रचलेले होते. मॅनेजर म्हणाला, ‘कोण येत नाही म्हणून ठेवलं.’

उपाय साधे आहेत. टाटा पॉवरचं ॲप, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी यांतली तुमच्या रस्त्यावर लागणारी दोन-तीन ॲप घरूनच नोंदणी करून, वॉलेटमध्ये पैसे टाकून ठेवा. प्लगशेअर या ॲपवर शेवटच्या माणसानं कधी आणि काय लिहिलंय ते वाचा. महिनाभरात कुणी चार्ज केल्याचं दिसत नसेल तर तो चार्जर नाहीच असं समजा. निघण्याआधी हॉटेलला फोन करा, चौकशी क्रमांकाला नको. मशिनासमोर उभा असलेला वॉचमन खरं सांगतो.

केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरवर चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. सूचनेत असणं वेगळं आणि रस्त्यावर असणं वेगळं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज नसेल तर चार्जर सुरू कसा करायचा?

बरेचसे सार्वजनिक चार्जर ॲपवरून सुरू होतात, त्यामुळं रेंज गेली की मशीन समोर असून उपयोग नाही. काही कंपन्या टॅप करायचं कार्ड देतात, ते मागवून पाकिटात ठेवा. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेली बरी. दाजीपूर, आंबा, आंबोली, तिलारीच्या बाजूला जाणार असाल तर नकाशा घरीच उतरवून घ्या.

उन्हाळ्यात पंढरपूर, सोलापूर, तुळजापूर करायचं आहे. बॅटरीला त्रास होतो का?

मिरजेच्या पुढं रस्ता फार छान झालाय, रत्नागिरी-नागपूर महामार्गाचा तो भाग आहे. सरळ, रुंद, मोकळा. तिथं वेगाची हाव सुटते आणि तीच महाग पडते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एसी तासाला एक-दीड युनिट घेतो. चालत्या गाडीत हे फार नाही, पण दर्शनाच्या रांगेत घरच्यांना सोडून तुम्ही एसी लावून तीन तास गाडीत झोपलात तर चार युनिट गेले, म्हणजे तीस किलोमीटर.

तापलेल्या बॅटरीवर फास्ट चार्जिंग मंदावतं, गाडी स्वतःच्या संरक्षणासाठी तसं करते. दुपारी बारा ते चार चार्जिंगची वेळ टाळा, सकाळी मिरज-सांगलीतच भरून घ्या आणि पंढरपुरात संध्याकाळी. आषाढी-कार्तिकीला गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर राहते, तिथं चार्जिंगची अपेक्षा ठेवू नका. तेव्हा जाऊन-येऊन पुरेल एवढं सांगोल्याच्या अलीकडंच बघावं लागतं.

पावसाळ्यात पाणी आलं तर? इलेक्ट्रिक गाडी पाण्यातून नेली तर शॉक बसतो का?

शॉक बसत नाही. बहुतेक बॅटऱ्या आयपी ६७ दर्जाच्या असतात, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी जाऊ नये अशी चाचणी झालेली असते. इंजिन नसल्यामुळं सायलेन्सरमधून पाणी शिरायचा प्रश्नही नाही. पण याचा अर्थ गाडीची नाव झाली असा घेऊ नका. वाहत्या पाण्यात दीड-दोन फुटांना कुठलीही गाडी तरंगायला लागते, मग ती डिझेलची असो की चार्जिंगची.

कोल्हापूरकराला पूर सांगायची गरज नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद झाली होती. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीला आणि रत्नागिरीच्या रस्त्यावर केर्लीला पाणी येतं हे दर पावसाळ्यात ऐकतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पुढच्या काही तासांत पातळी कुठं जाईल याचा अंदाज बांधा. इशारा पातळीजवळ पाणी असेल तर परतीचा रस्ता बंद होऊ शकतो, आणि वळसा पन्नास-साठ किलोमीटरचाही पडू शकतो. या दिवसांत बॅटरी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. पूर आला की लाईटही जाते आणि चार्जरही बंद पडतात, दोन्ही एकाच वेळी.

गाडी पाण्यात बुडून उभी राहिली असेल तर पाणी ओसरल्यावर ती सुरू करू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. सर्व्हिस सेंटरकडून तपासून घ्या. विम्यात बॅटरीचं वेगळं संरक्षण घेतलंय का हे पावसाळ्याआधी बघून ठेवा.

उसाच्या हंगामात रात्रीचा प्रवास करावा का?

शक्यतो नको. दिवाळीनंतर मार्चपर्यंत कारखान्यांच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चालू असतात. मागं लाल दिवा असतोच असं नाही, ऊस बाजूला चार फूट बाहेर आलेला असतो. यात इलेक्ट्रिक गाडीची एक जादा जोखीम आहे: तिचा आवाज येत नाही. पुढच्या गाडीवानाला मागून कुणी आलंय हे कळत नाही आणि तो निवांत मधून चालतो. हॉर्न आधीपासून द्या, डिपर मारा. दाजीपूर-राधानगरी बाजूला हाच प्रकार गव्यांचा, फक्त त्यांना हॉर्न देऊन उपयोग नाही. दिवे मंद करून थांबायचं आणि कळप जाऊ द्यायचा.

रस्त्यात चार्ज संपलाच तर?

गाडी एकदम थांबत नाही. आधी इशारे देते, मग ताकद कमी करते. त्या अवस्थेत एसी बंद करा, चाळीसच्या वेगानं चला आणि पहिल्या वस्तीत थांबा. पिठाची गिरणी, दूध डेअरी, वेल्डिंगचं दुकान, पेट्रोल पंप इथं चांगली जोडणी असते. तासाभरात वीस-बावीस किलोमीटरची वीज मिळते. नीट विचारलं तर आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही, चहाही पाजतात.

पूर्ण बंद पडली तर चाकं जमिनीवर ठेवून दोरीनं ओढत नेऊ देऊ नका. चाकांबरोबर मोटार फिरते आणि आतल्या भागांचं नुकसान होऊ शकतं. आख्खी गाडी वर चढवणारा सपाट टेम्पोच मागवा, आणि गाडीच्या कंपनीच्या रस्ता-मदतीला फोन करताना हे स्पष्ट सांगा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या मदत क्रमांकाला फोन करा.

आणखी एक. मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली असून गाडी उघडतच नाही, स्क्रीनच लागत नाही, असं झालं तर घाबरू नका. बहुतेक वेळा बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. ती साध्या गाडीसारखीच बाहेरून वीज देऊन उठवता येते. कशी आणि कुठून, ते गाडीच्या पुस्तकात निघण्याआधी वाचा.

खर्चात खरंच फायदा होतो का? टोल माफ आहे ना?

घरून भरलेल्या विजेवर फायदा ठळक आहे. हायवेच्या फास्ट चार्जरवर जीएसटी धरून युनिटला वीस रुपयांच्या वरच धरा, म्हणजे किलोमीटरला तीन रुपये. तिथं सीएनजीशी तुलना केली तर फार काही वाचत नाही. फायदा घरातून आणि मुक्कामाच्या पॉइंटवरून निघतो.

टोलबद्दल गोंधळ आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक चारचाकींना माफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे राष्ट्रीय महामार्गावरचे नाके आहेत. तिथं हिरवी नंबरपाटी दाखवून वाद घालू नका, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

इलेक्ट्रिक स्कूटरवर लांब जाता येईल का?

जोतिबा, पन्हाळा खुशाल. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटरच्या आत बसतं. पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या चढाला दोघं बसून गेलात तर बॅटरी भराभर उतरते, परतीच्या उतारावर थोडी मिळते. त्यापुढं जायचं तर काढता येणारी बॅटरी असलेली स्कूटर बरी, कारण ती उचलून खोलीत नेऊन कुठल्याही साध्या बोर्डाला लावता येते. स्कूटरचं फास्ट चार्जिंग ज्याच्या-त्याच्या कंपनीच्या पॉइंटवर चालतं, चारचाकीची गन तिला बसत नाही. बाळूमामांच्या आदमापूरला अमावस्येला जाणार असाल तर मात्र बसनं जा. त्या गर्दीत स्कूटर कुठं लावली हे शोधण्यातच दुपार होते.